मध्यवस्तीतल्या मोठ्या कापड दालनाचे वरचे मजले ओस पडतायत, त्यांचं करायचं काय?

गुलमंडी_दालन

नमस्कार मंडळी. प्रश्न मध्यवस्तीतल्या मोठ्या वस्त्रदालनांचा आहे. छत्रपती संभाजीनगरात गुलमंडी, टिळक पथ, पैठण गेट हा पट्टा, लातुरात गंजगोलाईचा परिसर, नांदेडला वजिराबाद, बीडला सुभाष रोड, सगळीकडे अशी दालनं आहेत. एसी, लिफ्ट, एकच भाव, बसायला गादी, आल्याबरोबर हातात पाण्याचा ग्लास, आणि बाळाच्या झबल्यापासून शालूपर्यंत सगळं एका छताखाली. शहरातली बडी घरं आणि तालुक्यातले बागायतदार वर्षाची खरेदी इथंच करायचे. आता हीच दालनं वरून खाली रिकामी होत चाललीत.

ज्या दालनाबद्दल विचारतोय ते गुलमंडीतलं, त्याची मांडणी सांगतो. चार मजले, प्रत्येकी साधारण १,८०० चौरस फूट. तळमजल्याला रोजच्या साड्या आणि ड्रेस मटेरियल. पहिल्यावर शालू, पैठणी, काठपदर आणि बस्त्याची, म्हणजे लग्नाच्या एकत्र खरेदीची, गादी. दुसऱ्यावर सुटिंग-शर्टिंग आणि पुरुषांचे रेडिमेड. तिसऱ्यावर लहान मुलांचे कपडे, ब्रँडेड माल, चादरी-पडदे. जिना एकच, लिफ्ट सहा माणसांची. पुढची जागा मालकीची, मागची जुन्या पगडीची, म्हणजे एकरकमी पैसे देऊन कमी भाड्यानं धरलेली.

तळ आणि पहिला मजला बरा चालतो. दुसरा दिवाळी आणि लग्नसराईपुरता. तिसऱ्यावर गिऱ्हाईक चढतच नाही, पण दिवे, माणसं, माल तिथंही तेवढाच. हा मजला बंद करावा, भाड्याने द्यावा, की माल बदलून पाहावा? आणि हे ठरवायचं कशावरून? घरातली तरुण मंडळी म्हणतात इथलं आवरून जालना रोडला नवं शोरूम टाकू. जाणत्यांनी सांगावं.

रोजमेळ

दादा, आधी प्रत्येक मजल्याचा हिशेब वेगळा काढा. बहुतेक दालनांत गल्ला एक, बिलिंग एक, त्यामुळे चालणारे मजले न चालणाऱ्यांना पोसतात आणि ते वहीत दिसतच नाही. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक काउंटरला कोड देता येतो. तो द्या, म्हणजे बिलातल्या ओळीओळीवरून मजल्याची विक्री निघेल.

त्यासोबत जिन्याच्या तोंडाशी आणि लिफ्टपाशी मोजणी ठेवा. सणाचा एक आठवडा आणि साधे तीन आठवडे धरा. माणसं मोजू नका, टोळकी मोजा. बस्त्याला दहा जण येतात आणि बिल एक-दोनच होतात, माणसं मोजली तर आकडा फसवतो. मग मजल्यावर आलेली टोळकी आणि झालेली बिलं शेजारी मांडा. दिवसाला बारा टोळकी चढली आणि नऊ बिलं झाली तर माल चांगला आहे, लोक वर येत नाहीत. तो माल खाली आणला की चालेल. चाळीस चढली आणि आठच बिलं झाली तर माल, भाव किंवा साइज चुकतेय. त्याला जागा बदलून उपयोग नाही. दोन्ही दुखण्यांचं औषध निराळं, आणि बरेच जण न मोजताच सेल लावून बसतात.

आता फुटाचा हिशेब. आकडे समजण्यापुरते, तुमचे तुम्ही घाला. तिसऱ्या मजल्याची महिन्याची विक्री ३ लाख, म्हणजे फुटाला १६६ रुपये. ढोबळ नफा ३० टक्के धरला तर फुटाला ५० रुपये हाती. खर्चात दोन सेल्समन आणि एक हेल्पर मिळून ४२,०००, म्हणजे फुटाला २३. वीज १५. वीस लाखांचा माल पडून असेल तर १२ टक्क्यांनी महिन्याचं व्याज २०,०००, म्हणजे ११. जागा स्वतःची असली तरी तिचं भाडं धराच, समजा २५. झाले ७४. फुटाला २४ रुपये तोटा, महिन्याला ४३,००० च्या आसपास. "जागा आपलीच आहे" म्हणून भाडं सोडलं की हाच मजला फुटाला रुपयाभर नफ्यात दिसतो. मध्यवस्तीतली दालनं वर्षानुवर्षं या समजावर चालत आलीत.

रेडिमेडची तर वेगळीच गोम आहे. पँटचा सेट २८, ३०, ३२, ३४, ३६ असा येतो आणि ३२-३४ आधी संपतात. उरलेल्या २८ आणि ३६ नी रॅक भरलेला दिसतो, पण ज्याला घ्यायचीय त्याच्या मापाची नसते. मोठ्या ब्रँडच्या स्वतःच्या दुकानात ३२ संपली की काही दिवसांत गोदामातून येते. तुम्हाला एका मापासाठी पुन्हा अख्खा सेट उचलावा लागतो. म्हणून मालाचं वय रॅकवर न पाहता मापावर पहा: ज्या डिझाइनचे मधले दोन साइज संपले ते त्याच दिवशी वेगळ्या टेबलावर, कमी भावात. सहा महिने थांबलात तर निम्मी किंमतही येणार नाही.

वय मोजताना ९०, १८० आणि ३६५ दिवस अशा तीन खुणा ठेवा. काठपदर आणि पैठणी वर्षभर थांबली तरी चालते, घडी मोडून दर दोन-तीन महिन्यांनी फिरवून ठेवायची, नाहीतर जर घडीवर काळवंडते आणि कापड तिथंच चिरतं. जीन्स, टी-शर्ट, मुलांचे कपडे १८० च्या पुढे जाता कामा नयेत.

गोलाईकर

रोजमेळ यांनी हिशेब सांगितला, मी गिऱ्हाइकाचं सांगतो.

आपण सगळे ऑनलाइनच्या नावानं बोटं मोडतो. पण झुडिओ बगा, ते ऑनलाइन विकतच नाही. २०१६ साली सुरू झालं, बहुतेक माल हजाराच्या आत, स्वतःचाच शिक्का, आणि आज जिल्ह्याच्या ठिकाणची कॉलेजची पोरं तिथं रांगा लावतात. म्हणजे पोरांना दुकानात जायचंय, फक्त सेल्समननी गादीवर बसवून "दाखवू का?" म्हणलेलं नको हाय. स्वतः हात लावून, घालून बघायचंय आणि न घेता निघता आलं पाहिजे. तुमचा दुसरा-तिसरा मजला काउंटरच्या पलीकडून माल दाखवतो. तिथं हे गिऱ्हाईक परत येणार नाही, कितीही सूट द्या.

दुसरं, ब्रँडवाले. आधी त्यांना आपली गरज होती, कारण लातूर-नांदेडात त्यांचं दुकानच नव्हतं. आता त्यांचं स्वतःचं शोरूम हाय, मॉलमधी जागा हाय. संभाजीनगरात प्रोझोन मॉल २०१० मध्येच आला. जुलै आणि जानेवारीत त्यांचा हंगाम-अखेरचा सेल त्यांच्याकडं आधी लागतो, आपल्याकडं तोच माल पूर्ण भावात टांगलेला. रोख उचललेला माल असेल तर ती सूट आपल्या खिशातून जाते. ब्रँड ठेवायचाच असेल तर "विकलं तर पैसे, नाही तर परत" या बोलीवरच घ्या. टक्के कमी मिळतील, पण जुना माल गळ्यात पडणार नाही. ते तयार नसतील तर तो ब्रँड सोडा.

मग आपल्याकडं राहिलं काय? बस्ता. हे काम मॉलला जमत नाही आणि मोबाइलवर तर होतच नाही. दोन्ही घरचे वडीलधारे, करवल्या, मामा-मामी, क्रूझर भरून बारा-चौदा माणसं. नवरीचा शालू, साखरपुड्याची साडी, हळदीची साडी, नवरदेवाचा सूट किंवा शेरवानी, विहिणीची पैठणी, मानपानाच्या वीस-तीस-चाळीस साड्या, आहेराचे पँटपीस-शर्टपीस, टॉवेल-टोप्या, उपरणी, फेटे. चार-पाच तास बसतात आणि एकदाच उठतात. मोठ्या दालनाचं बलस्थान हेच, आणि तेच आपण एका मजल्यावर कोंबलंय.

बस्त्याच्या गादीला दहा बाय बारा फुटांची मोकळी जागा पाहिजे, त्यात दहा-बारा माणसं टेकून बसतात आणि मधी माल उलगडता येतो. लग्नसराईत अशा तीन गाद्या एका वेळी चालल्या पाहिजेत, मधी निदान पडदा तरी असावा. एका घराचं बजेट दुसऱ्याच्या कानावर गेलं की बोलणं अडतं. नवरदेवाचं कापड दुसऱ्या मजल्यावर ठेवलं तर टोळी फुटते, पुरुष वर जातात, बाया खाली थांबतात, आणि निर्णय घेणारे आजोबा जिना चढायला नको म्हणतात. मग "सूट नंतर बघू" होतं आणि तो सूट दुसरीकडं शिवला जातो. म्हणून शेरवानी-सुटिंग पहिल्या मजल्यावर, साड्यांच्या शेजारी आणा.

बिल दोन करा. वरपक्षाचं वेगळं, वधूपक्षाचं वेगळं, पहिल्या साडीपासून दोन ढीग. शेवटी एकत्र ढिगातून वाटणी करायला बसलं की तिथंच कुरबुर होते. मानपानाच्या प्रत्येक साडीवर नावाची चिठ्ठी टाचा: आत्या, थोरली काकू, शेजारीण. घरी गेल्यावर बदलाबदली निम्म्यानं कमी होते. आणि बस्ता बांधून हळद-कुंकू लावल्याशिवाय गठ्ठा हातात देऊ नका, ती घाई बायकांना आवडत नाही.

शिवणकाम_नांदेड

गोलाईकर मामा बरोबर सांगतायत, पण शिवणाकडे कुणाचं लक्ष नाही. साडी घेतल्यावर बाई विचारते, फॉल-पिको कधी मिळेल, ब्लाउज कुठं शिवू? दालनवाले "समोरच्या गल्लीत आहे एक" म्हणून सोडतात. तिसरा मजला रिकामा आहे तर तिथं शिवणखोली का नको?

दोन पिको मशीन, दोन साधी मशीन, एक इंटरलॉक, एक कापणीचं टेबल (चार बाय आठ फूट), वाफेची इस्त्री. एवढ्याला ४०० चौरस फूट पुष्कळ. फॉलचं काम सोपं वाटतं, पण तक्रारी तिथंच येतात. सुती फॉल रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच लावायचा. घाईत कोरा फॉल लावला की पहिल्या धुण्यात तो आटतो आणि साडीच्या खालच्या काठाला चुण्या पडतात. काठ जरीचा असेल तर त्या इस्त्रीनंही जात नाहीत, फॉल उसवून पुन्हा लावावा लागतो. गिऱ्हाईक दोष साडीला देतं आणि दुकानाचं नाव जातं. रंगीत फॉल असेल तर रंग सुटतो का हे पांढऱ्या चिंधीवर पाहून घ्या, फिक्या रेशमी साडीवर डाग गेला की संपलं.

फॉल वरून हातशिलाईनं, खालून मशीननं. पैठणी आणि शालूला दोन्हीकडून हातशिलाईच, धागा एकेरी, टाका बारीक आणि सैल. ओढून घातलेला टाका रेशीम गोळा करतो.

ब्लाउजपीस बहुतेक साड्यांत ८० सेंटिमीटरचा असतो. कोपरापर्यंत बाही आणि ४० च्या वरचं माप असेल तर तेवढ्यात बसत नाही, काठ बाहीला आणि पाठीला दोन्हीकडे हवा असेल तर नाहीच. हे गादीवरच सांगितलं पाहिजे, म्हणजे जुळणारं अर्धा मीटर कापड तिथंच विकलं जातं. नंतर कळलं तर भांडण. मागणी आली तर नऊवारीही शिवून द्या, पण लांबी आधी मोजा. नऊवारी म्हणून आठ मीटरच्याही साड्या येतात, उंच बाईला त्या आखूड पडतात.

पुरुषांच्या कपड्यात एकच सांगते. तयार पँटची उंची कमी करून तासाभरात देता आली की गिऱ्हाईक खाली चहा पीत थांबतं आणि शर्टही बघतं.

जालना_रोडवाला

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. गुलमंडीत चारचाकी लावायला जागा नाही, रस्ता अरुंद, संध्याकाळी पाऊल ठेवता येत नाही. जगभर मध्यवस्तीतली मोठी स्टोअर्स बंद होतायत. जागेवर कर्ज काढा किंवा ती विकून टाका, आणि जालना रोडला किंवा बीड बायपासला पार्किंगसह मोठं शोरूम करा. वेळ घालवू नका.

पेठेचा_अभ्यासक

वरच्या सल्ल्यातलं पार्किंगचं म्हणणं खरं आहे, बाकीचं धोक्याचं आहे. परदेशातली मोठी स्टोअर्स कशी बुडाली हे नीट पाहिलं तर जागा विकण्याचा निष्कर्ष निघत नाही, उलटाच निघतो.

ब्रिटनच्या डेबनहॅम्सनं २००५ मध्ये आपली २३ दुकानं ४९.५ कोटी पौंडांना विकली आणि तीच लांब मुदतीच्या, वाढत्या भाड्यानं परत घेतली. हाती पैसा आला, पण विक्री उतरायला लागली तेव्हा भाडं उतरलं नाही. मे २०२१ मध्ये शेवटचं दुकान बंद झालं. नाव आणि ऑनलाइन व्यवसाय दुसऱ्या कंपनीनं साडेपाच कोटी पौंडांत घेतला, इमारती आणि माणसांसकट नाही. न्यूयॉर्कमध्ये लॉर्ड अँड टेलरच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवरच्या इमारतीला धंद्यापेक्षा जास्त किंमत आली, २०१९ च्या सुरुवातीला ते दुकान बंद झालं, आणि २०२० मध्ये इमारत अॅमेझॉननं कार्यालयासाठी घेतली. कॅनडाची हडसन्स बे कंपनी १६७० सालची, तिची सगळी दुकानं जून २०२५ पर्यंत मिटली. यातल्या बहुतेकांच्या डोक्यावर कर्ज होतं किंवा जागा दुसऱ्याच्या हातात गेली होती. स्वतःच्या इमारतीत, बिनकर्जाचं दुकान हळूहळू आकसू शकतं, चुकून सावरू शकतं. हप्त्यावरच्या दुकानाला तेवढी सवड मिळत नाही.

मोटारीमुळे गिऱ्हाईक शहराबाहेर जाणं हे तिकडे फार आधी झालं. अमेरिकेतलं पहिलं बंदिस्त, वातानुकूलित मॉल मिनेसोटात १९५६ मध्ये उघडलं. आपल्याकडेही शॉपर्स स्टॉपचं पहिलं दालन १९९१ साली मुंबईच्या फोर्टात न उघडता अंधेरीत उघडलं. तेव्हा माणसं राहतात तिकडे रेडिमेड जाणार, हे मान्यच करावं लागेल. पण पॅरिसचं बाँ मार्शे हे मोठं दालन, जिथं १८५२ पासून चालक बुसिको यांनी ठरलेला भाव आणि माल परत घेण्याची पद्धत रुजवली, ते आजही शहरातच चालू आहे. ठरलेला भाव आता सगळ्यांकडे आहे. निवड आणि पाहुणचार सगळ्यांकडे नाही.

राहिलं पार्किंग. गुलमंडीत गाडी लावायची सोय करता येत नाही, पण गाडीतल्या माणसांची करता येते. बस्त्याची बहुतेक मंडळी आधी फोन करतात. तेव्हाच त्यांना सकाळी साडेदहा-अकराची वेळ द्या, त्या वेळी गल्ल्या मोकळ्या असतात. गाडी मंडळींना उतरवून मध्यवस्तीबाहेर पैसे भरून लावायच्या मोकळ्या जागेत जाईल, तिथलं भाडं दालन भरेल. परतताना गठ्ठे जड असतात, म्हणून माल गाडीपर्यंत पोचवायला रिक्षा ठरवून ठेवा. सिल्लोड, पैठण, गंगापूरकडून एसटीनं येणाऱ्यांना दुपारी चारपर्यंत मोकळं करा, संध्याकाळची गाडी चुकली की पुढच्या वेळी ते तालुक्यातच बस्ता बांधतात. एवढ्यानं काम भागतं. त्यासाठी जालना रोडच्या भाड्यात शिरायची गरज नाही.

जागा_जुमला

तिसरा मजला भाड्याने द्यायचा विचार असेल तर आधी कोणता भाग मालकीचा आणि कोणता पगडीचा, हे नकाशावर रेषा ओढून पहा. मराठवाड्यात पूर्वी हैदराबादचा १९५४ चा घरभाडे कायदा लागू होता. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि तो रद्द झाला. जुन्या पगडीच्या पावत्या बहुतेक त्या आधीच्या काळातल्या असतात. नव्या कायद्यात भाडं वर्षाला ४ टक्क्यांनी वाढवता येतं, पण भाडेकरूनं मालकाच्या लेखी संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवला तर जागा खाली करून मागायला मालकाला कारण मिळतं. म्हणजे मागच्या निम्म्या मजल्याच्या भाड्याच्या मोहात अख्खा मागचा भाग जाऊ शकतो. जिना मागच्या भागातून जात असेल तर आणखी अडचण.

मालकीचा भाग देणार असाल तर दालन जीएसटीत नोंदलेलं असल्यामुळे भाड्यावर १८ टक्के लावावे लागतील. भाडेकरू स्वतः नोंदणीकृत नसेल तर ते त्याच्या अंगावर बसतात, म्हणून भाडं ठरवतानाच बोलून घ्या.

आणि अभ्यासिका किंवा क्लास देऊ नका. मागणी सगळ्यात जास्त त्यांचीच येते, हे खरं आहे. पण एक जिना, खाली तीन मजले कापड, आणि वर पन्नास मुलं. २४ मे २०१९ रोजी सुरतेत तक्षशिला इमारतीला आग लागली तेव्हा वरच्या मजल्यावरच्या क्लासमधले २२ विद्यार्थी गेले. बाहेर पडायची दुसरी वाट नसेल तर त्या मजल्यावर गर्दी नकोच. कापडाचं गोदामही तिथं नको, आग पोचायला वेळ लागत नाही आणि माल उतरवताना जिना अडतो. सणाच्या आधी जिन्यात खोकी रचून ठेवायची सवय तर आजपासून बंद करा. २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून जानेवारी आणि जुलैत प्रपत्र ब, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, घ्यावं लागतं. ते कागदापुरतं घेऊ नका, पंप चालवून, शेवटच्या मजल्यावरच्या नळीला पाण्याचा दाब येतो का ते उभं राहून पहा.

मजला बंद केला तर महावितरणकडे करारातली मागणी (नोंदवलेला विजेचा भार) कमी करून घ्यायचा अर्जही द्या. नाहीतर एसी बंद असूनही स्थिर आकार जुन्याच हिशेबानं येत राहील.

गुलमंडी_दालन

सगळ्यांचे मनापासून आभार. चित्र बरंच स्पष्ट झालं: तिसऱ्यावर शिवणखोली, तीही लहान, आणि शेरवानी-सुटिंग पहिल्यावर. दोन गोष्टी राहिल्या. शेरवानीवर आता १८ टक्के जीएसटी लागतो, त्याच्या टॅगचं काय करायचं? आणि यंदा २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, खरेदी कशी धरावी?

रोजमेळ

टॅगचं आधी. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्याला नगामागे २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के. साडी आणि थानातलं कापड किंमत कितीही असली तरी ५ टक्केच. म्हणजे तीस हजारांच्या पैठणीला ५ आणि सहा हजारांच्या शेरवानीला १८. यातूनच तुमचा मार्ग निघतो: नवरदेवासाठी सुटिंगचं कापड विका आणि शिवून द्या, तयार शेरवानी नमुन्यापुरती आणि मधल्या मापांची ठेवा.

टॅग करासकट असतो, त्यामुळे २,६२५ आणि २,९५० यांच्या मधे कुठलाही भाव लावू नका. २,५०० वर ५ टक्के धरले की २,६२५ होतात. त्याच्या रुपयाभर वर मूळ किंमत गेली की १८ टक्क्यांनी २,९५१ होतात. मधला भाव, समजा २,८०० लावला, तर ५ टक्क्यांनी मूळ किंमत २,६६७ निघते, म्हणजे १८ लागायला हवेत, आणि १८ टक्क्यांनी काढली तर २,३७३ निघते, म्हणजे ५ लागायला हवेत. हिशेब कुठंच टेकत नाही आणि तपासणीत वाद होतो. असा माल २,५९९ ला आणा किंवा चांगला करून ३,१०० च्या वर न्या. सूट बिलावरच दाखवली तर कर सूट वजा जाऊन उरलेल्या किमतीवर लागतो, त्यामुळे सेलमध्ये एखादा नग १८ वरून ५ मध्ये उतरतो. सॉफ्टवेअरमध्ये दर नगाला कायमचा बांधून ठेवला असेल तर तो उतरत नाही आणि गिऱ्हाईक उगाच जास्त भरतं. हे आजच तपासून घ्या.

बस्त्यावर भेट म्हणून फुकट साडी देत असाल तर तिच्या खरेदीवर भरलेल्या कराची घेतलेली वजावट परत करावी लागते. त्यापेक्षा तेवढ्या रकमेची सूट बिलातच द्या.

अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून आहे. त्या महिन्यात मुहूर्त नाहीत, म्हणून मेच्या उत्तरार्धातली लग्नं एप्रिल आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात सरकतात. बस्ता लग्नाआधी महिना-दीड महिना बांधतात, तेव्हा शालू-पैठणीचा जोर फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत धरा. माल जानेवारीतच हवा. अधिकात जावयाचं वाण असतं: पँटपीस-शर्टपीस, तयार शर्ट, लेकीला मध्यम भावाची साडी. तेवढाच माल मेच्या सुरुवातीला मागवा, भारी शालूची नवी ऑर्डर तेव्हा देऊ नका. सुरतेच्या सूक्ष्म-लघु उत्पादकाचं बिल लेखी करार असेल तर ४५ दिवसांत भागवावं लागतं, नाहीतर आयकरात तो खर्च त्या वर्षी धरला जात नाही. मार्चअखेर किती बिलं उघडी राहतील हे जानेवारीची ऑर्डर देतानाच मांडून पहा.

गोलाईकर

एक पुरवणी. २०२५ च्या सप्टेंबरच्या अतिवृष्टीनं सोयाबीन गेलंय, शेतकऱ्याच्या हातात पैसा कमी हाय. लग्नं थांबणार नाहीत, पण मानपानाची साडी ७००-८०० वरून ४००-५०० वर येईल. त्या भावात रंगाच्या जास्त जाती ठेवा, डिझाइन कमी असलं तरी चालतं. चाळीस साड्या घेणारी बाई एकच डिझाइन आठ रंगांत मागते.

शिवणकाम_नांदेड

आणि शिवणखोलीला खिडकी उत्तरेची बघा, ताई-दादांनो. ट्यूबलाइटखाली मोतिया आणि पांढऱ्या धाग्यातला फरक कळत नाही, साडी बाहेर उन्हात नेली की फॉलची शिलाई उठून दिसते. उत्तरेची खिडकी नसेल तर दिव्यावर ६५०० के (दिवसाच्या उजेडासारखा पांढरा) लिहिलेलं पाहून घ्या, पिवळा दिवा कापणीच्या टेबलावर नको.